सुपरहिरोंचा संघ खेळात उतरतो तेव्हा त्याचे संघपण कुठे जाते?

रंगीतपाने (धागाकर्ती)

संघाचे कॉमिक वाचणाऱ्याला एक मुभा असते, ती खेळणाऱ्याला सहसा मिळत नाही. एक्स-मेन या संघाच्या कॉमिकमधल्या एकाच पानावर सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून निघालेला लाल झोत, खालच्या चौकटीत छपरावरून झेपावणारा बीस्ट आणि कोपऱ्यात दोघांच्या मनातले ऐकत उभी असलेली जीन ग्रे असे सगळे एकदम नजरेत येते. वाचक या तिघांपैकी कोणीच नसतो, म्हणून तो तिघांच्याही बाजूने पाहू शकतो. खेळणाऱ्याच्या हातात मात्र एक कंट्रोलर असतो आणि पडद्यावर त्याला बहुधा कोणीतरी एकच व्हावे लागते. उरलेला संघ त्या वेळी काय करत असतो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक खेळाने आपापल्या परीने दिले आहे, आणि मला या धाग्यात त्याच उत्तरांची चर्चा करायची आहे.

माझे म्हणणे आधीच सांगते. कोण कोणावर विसंबून आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, नेता नसताना निर्णय कोण घेतो आणि शक्ती वापरण्याची किंमत कोण मोजतो, यांतून संघ घडतो. या गोष्टी खेळाच्या नियमांत उतरल्या, तर खेळात संघ दिसतो. त्या फक्त दोन टप्प्यांमधल्या चित्रफितींत सांगितल्या आणि हातातला खेळ तसाच राहिला, तर आपल्याला वेगवेगळ्या रंगांचे पोशाख घातलेली पात्रे मिळतात, संघ मिळत नाही.

उदाहरणासाठी मी एक्स-मेन, म्हणजे जन्मतःच असामान्य शक्ती लाभलेल्या 'म्युटंट' माणसांचा मार्व्हल कंपनीचा संघ, घेते, कारण या संघावर अनेक दशके खेळ निघत आले आहेत आणि त्यांत यश-अपयशाचे जवळजवळ सगळे प्रकार सापडतात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सप्टेंबर १९६३च्या अंकात हा संघ आणला तेव्हा त्यात प्रोफेसर झेव्हियरचे पाच विद्यार्थी होते. मालिका फारशी चालली नाही; १९७०पासून काही वर्षे तर जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. १९७५मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी केनियातून आलेली स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, सोव्हिएत शेतावरचा कोलोसस आणि कॅनडाचा वूल्व्हरिन अशी निरनिराळ्या देशांतली माणसे एकत्र आणली, आणि त्यानंतर ख्रिस क्लेअरमॉन्ट यांनी १९९१पर्यंत ही मालिका सलग लिहिली. या सोळा वर्षांत संघाची खरी ओळख घडली. नवा संघ जमतो न जमतो तोच ९५व्या अंकात थंडरबर्ड मरतो आणि त्या मृत्यूचे ओझे सायक्लॉप्स पुढे कित्येक अंक वागवतो. जानेवारी १९८६च्या २०१व्या अंकात, शक्ती गमावून बसलेली स्टॉर्म सराव-दालनात सायक्लॉप्सला हरवते आणि नेतेपद आपल्याकडे घेते. ज्या संघात शक्ती नसलेली व्यक्ती नेता होऊ शकते, त्या संघाला नुसत्या शक्तींच्या तक्त्यात बसवता येणार नाही हे उघड आहे. आणि तरीही बहुतेक खेळांची सुरुवात त्या तक्त्यापासूनच होते.

कोनामीने १९९२मध्ये काढलेला एक्स-मेन हा आर्केड (म्हणजे पार्लरमधल्या यंत्रावरचा) खेळ या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. त्याची कथा अगदी साधी आहे : संघाचा शत्रू मॅग्नेटो याने प्रोफेसर आणि संघातली किटी प्राइड यांना पळवले आहे आणि त्यांना सोडवून आणायचे आहे. पात्रे १९८९च्या एका प्रायोगिक ॲनिमेशनपटावरून घेतलेली आहेत, म्हणूनच सायक्लॉप्स, वूल्व्हरिन, स्टॉर्म, कोलोसस आणि नाइटक्रॉलर यांच्या रांगेत डॅझलरही दिसते. परंतु या खेळाचे मोठेपण त्याच्या यंत्रात होते. त्याच्या सर्वांत मोठ्या कॅबिनेटमध्ये दोन पडदे जोडून एक लांबच लांब दृश्य केलेले होते आणि त्यासमोर सहा जण एकाच वेळी खेळत. कॉमिकच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्राला पडद्यावर इतके जवळचे रूप तोवर कोणी दिले नव्हते, असे माझे मत आहे. शिवाय अमेरिकेतल्या आवृत्तीत म्युटंट शक्ती वापरली की खेळणाऱ्याची स्वतःची प्राणशक्ती खर्च होत असे. शत्रूंनी सगळ्यांना घेरल्यावर आपली ऊर्जा खर्चून इतरांची सुटका करायची की ती स्वतःसाठी राखायची, हा निर्णय दर मिनिटाला घ्यावा लागे, आणि त्यासाठी कथेतले एकही वाक्य लागत नसे.

सेगाच्या जेनेसिस या घरी खेळायच्या यंत्रावर १९९३मध्ये आलेल्या एक्स-मेनने वेगळा मार्ग घेतला. त्यात वूल्व्हरिन, गॅम्बिट, सायक्लॉप्स आणि नाइटक्रॉलर यांच्यापैकी कोणाचीही निवड करता येई, आणि स्टॉर्म, रोग, आइसमन, आर्कएंजल हे बोलावल्यावर मदतीला येत. जवळजवळ सारा खेळ सराव-दालनात घडतो, कारण मॅग्नेटोने त्या दालनाचा संगणकच बिघडवलेला असतो. एका टप्प्याच्या शेवटी संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना मिळते आणि खेळणाऱ्याने खरोखरच यंत्रावरचे रिसेटचे बटण दाबावे अशी अपेक्षा असते. असंख्य मुले तिथेच अडकली. कल्पना धाडसी होती यात शंका नाही, परंतु संघाच्या दृष्टीने पाहिले तर बाकीचे सोबती या खेळात हत्यारासारखे वापरले जातात : हाक मारली की येतात, काम करतात आणि निघून जातात.

कॅपकॉमच्या लढतीच्या खेळांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण तिथे संघ अक्षरशः यंत्राच्या स्मृतीवर अवलंबून राहिला. १९९४चा चिल्ड्रेन ऑफ द ॲटम हा एक्स-मेनचा एकास एक लढतीचा खेळ होता. १९९६मध्ये एक्स-मेन आणि स्वतःच्याच स्ट्रीट फायटर या खेळातली पात्रे यांना समोरासमोर आणताना कॅपकॉमने दोघांची जोडी केली आणि लढत चालू असतानाच जोडीदार बदलण्याची सोय दिली. हा खेळ घरच्या यंत्रांवर आणताना अडचण आली. सेगा सॅटर्नच्या जपानी आवृत्तीसोबत स्मृती वाढवणारे ४ मेगाबाइटचे वेगळे कार्ट्रिज लागे, त्यामुळे तिथे जोडी टिकली. प्लेस्टेशनवर तेवढी जागा नव्हती, म्हणून १९९८च्या आवृत्तीत नेहमीच्या लढतीतून जोडीदार बदलण्याची सोय काढून टाकावी लागली. चित्रे तीच, पात्रे तीच, शक्ती त्याच; परंतु जखमी झालेला वूल्व्हरिन मागे हटतो आणि स्टॉर्म पुढे येते, एवढी एक गोष्ट गेली आणि संघ नाहीसा झाला. माझा मुद्दा याहून स्पष्टपणे सिद्ध करणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आणि शेवटी २००४चा एक्स-मेन लेजंड्स. रेव्हन सॉफ्टवेअरच्या या खेळात चार जणांचा गट घेऊन उतरायचे असते आणि केव्हाही कोणाचेही नियंत्रण हाती घेता येते. आइसमन बर्फाचा पूल बांधतो तेव्हाच पलीकडे जाता येते. दोघांच्या शक्ती एकत्र लागल्या तर पात्राची पातळी वाढवणारे अनुभवगुण अधिक मिळतात. मोहिमा संपल्या की ॲलिसन ही नवखी मुलगी होऊन झेव्हियरच्या वाड्यात हिंडायचे, दारे ठोठावायची, बोलायचे. वाचकाची ती मुभा, म्हणजे सगळ्यांच्या बाजूने पाहण्याची, या खेळाने बऱ्याच अंशी परत दिली. आपल्याला कोणता खेळ याच्या जवळ जाणारा वाटतो, आणि कोणता अजिबात नाही, ते कृपया कारणांसह लिहावे.

आर्केडप्रेमी (प्रतिसाद)

लेख आवडला. कोनामीच्या सहा जणांच्या यंत्राविषयी वाचताना एका खेळाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरांत वाढलेल्या पिढीला तो पाठ आहे आणि तरीही तो कॉमिकवरून आला आहे हे अनेकांना ठाऊक नसते. सगळे जण ज्याला 'मुस्तफा' म्हणत, तो कॅपकॉमचा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा खेळ मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या मालिकेवर आधारलेला आहे. मूळ कॉमिकमध्ये कथा जॅक टेनरेक आणि हॅना डंडी या दोघांभोवती फिरते. खेळात मात्र चार जण बरोबरीचे नायक झाले, तिघांना एकत्र खेळता येऊ लागले, आणि आपल्याकडे तर पिवळ्या टोपीतला मुस्तफाच साऱ्या खेळाचे नाव होऊन बसला.

ही मंडळी सुपरहिरो नाहीत, हे मान्य आहे. परंतु धाग्याच्या मूळ प्रश्नाला हे उदाहरण लागू पडते असे मला वाटते. जमिनीवर पडलेले खाणे एकच असे आणि ते उचलणाऱ्यालाच मिळे. कोणाची प्राणशक्तीची पट्टी रिकामी होत आली आहे, हे पाहून बाकीचे दोघे त्याच्यासाठी ते सोडून देत, किंवा देत नसत आणि मग भांडण होई. आपण म्हणता तसा संघ नियमांतून घडतो हे खरे, परंतु तो यंत्रासमोर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांतूनही घडतो, आणि माझ्या मते हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सहा जणांचे ते यंत्र एकट्याने खेळून पाहा. नियम तेच असूनही संघ दिसणार नाही.

रंगीतपाने (धागाकर्ती)

आर्केडप्रेमी, मुस्तफाचे उदाहरण नेमके आहे. मात्र खाणे वाटून मिळत असते तर ते भांडणही झाले नसते आणि तो त्यागही दिसला नसता. म्हणजे मित्रांमधले नाते उघड व्हायलाही एक नियम लागला. शेजारी मित्र असणे पुरेसे असते, तर २०२०च्या मार्व्हल्स ॲव्हेंजर्सचे जे झाले ते झाले नसते.

हा खेळ क्रिस्टल डायनॅमिक्सने बनवला आणि स्क्वेअर एनिक्सने प्रकाशित केला. त्याचा एकट्याने खेळण्याचा भाग मला मनापासून आवडतो. कमला खान ही ॲव्हेंजर्सवर भक्ती असलेली मुलगी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या दुर्घटनेनंतर पांगलेल्या नायकांना एकेक करून पुन्हा एकत्र आणते, आणि त्या प्रवासात हल्कच्या शेजारी चालताना तिला वाटणारे भय आणि आदर दोन्ही पोचतात. परंतु तो भाग संपला की चौघांनी मिळून ऑनलाइन त्याच त्या मोहिमा करायच्या, शत्रू फोडायचे आणि अधिक आकड्यांची साधने गोळा करायची, एवढेच उरते. थॉर असो की ब्लॅक विडो, प्रत्येक जण आपापले साहित्य वाढवण्यात गुंतलेला. कोणालाच कोणाची अशी गरज लागत नाही. २०२१मध्ये एका खास मोहिमेत एकाच गटात एकच पात्र अनेकांनी घेण्याची मुभा दिली गेली, आणि चार थॉर एकाच वेळी मैदानात उतरू लागले. खेळणाऱ्यांना त्यात गंमत वाटली, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु चार थॉर घेऊनही मोहीम तशीच पार पडत असेल, तर त्या मोहिमेला ॲव्हेंजर्सची गरज मुळात नव्हती, असेच म्हणावे लागते. सप्टेंबर २०२३अखेर या खेळाचा पाठिंबा थांबला आणि त्याची विक्रीही बंद झाली.

दीर्घदृष्टी (प्रतिसाद)

ॲव्हेंजर्सविषयीच्या निरीक्षणाशी सहमत आहे, परंतु मूळ लेखातील एका गृहीतकाला मी हरकत घेतो. खेळणाऱ्याला कोणीतरी एकच व्हावे लागते ही जणू उणीव आहे, असा सूर लेखात जाणवतो. आयडॉस मॉन्ट्रिअलचा २०२१चा गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी पाहिला तर ती उणीव वाटत नाही. त्यात संपूर्ण खेळभर आपण केवळ स्टार-लॉर्ड असतो. गमोरा, ड्रॅक्स, रॉकेट आणि ग्रूट यांना फक्त सूचना देता येतात, आणि ते सूचना पाळताना सतत कुरकुरतात, एकमेकांना बोलतात, कधी आपल्याच निर्णयाची खिल्ली उडवतात. नेता होणे म्हणजे इतरांच्या अंगात शिरणे नसते. त्यांच्याकडून काम करवून घेणे असते, आणि ते आपल्याला नाकारू शकतात हे माहीत असणे असते. आपण सांगितलेल्या स्टॉर्म आणि सायक्लॉप्सच्या प्रसंगातही मुळात हाच प्रश्न आहे.

लढत हाताबाहेर जाऊ लागली की स्टार-लॉर्ड सगळ्यांना जवळ बोलावतो. ते काय बोलतात ते नीट ऐकायचे आणि त्यानुसार चार धीराचे शब्द निवडायचे. त्यांची मनःस्थिती ओळखली तर सगळा संघ पेटून उठतो. चुकले तर बळ फक्त स्टार-लॉर्डलाच मिळते. दोन्ही वेळा जुने गाणे वाजते आणि लढत पुन्हा सुरू होते. ऐकून घेणे हीच नेत्याची शक्ती, असा नियम करणारा हा मला माहीत असलेला एकमेव सुपरहिरो-खेळ आहे. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम कथनाचे पारितोषिक त्याला मिळाले ते योग्यच होते, परंतु मी तर म्हणेन की ते कथनापेक्षा त्याच्या खेळरचनेचे यश आहे.

निळीचौकट (प्रतिसाद)

चर्चा एकट्या मार्व्हलभोवती फिरते आहे, म्हणून डीसी या दुसऱ्या मोठ्या कॉमिक कंपनीकडे लक्ष वेधतो. जस्टिस लीगचा संघ कॉमिकमध्ये १९६०पासून आहे, म्हणजे एक्स-मेनहूनही जुना, आणि तरीही त्यावर लक्षात राहील असा सहकार्याचा खेळ जवळजवळ नाही. १९९५चा जस्टिस लीग टास्क फोर्स हा खेळ घेतला तर त्यात सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश आणि ॲक्वामॅन एकमेकांशीच लढतात. कथेत त्याला कारण दिले आहे. समोर आलेले साथीदार यंत्रमानव निघतात. तरीही संघाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळात संघ आपापसांत मारामारी करतो, ही गोष्ट खटकते.

याचे कारण मला शक्तींच्या अंतरात दिसते. सुपरमॅन ग्रह हलवू शकतो आणि ग्रीन ॲरो धनुष्यबाण चालवतो. कॉमिकचा लेखक ज्याला जे काम शोभेल ते काम देतो : सुपरमॅनला दूर अंतराळात अडकवून ठेवतो आणि एका बंद खोलीचे दार उघडण्याची जबाबदारी बाणावर सोपवतो. खेळात दोघेही एकाच गल्लीत, एकाच शत्रूसमोर उभे राहतात आणि समतोल राखण्यासाठी दोघांचा ठोसा सारखाच जड करावा लागतो. एक्स-मेनना ही अडचण कमी भेडसावते, कारण त्यांच्या शक्ती बऱ्याच अंशी एकमेकींना पूरक आहेत. म्हणून सगळे संघ खेळात सारख्याच सहजतेने उतरतील, अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही.

रंगीतपाने (धागाकर्ती)

निळीचौकट, शक्तींच्या अंतराचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्यावर एक उत्तर फिरॅक्सिसच्या मिडनाइट सन्स या डिसेंबर २०२२च्या खेळात सापडते. त्याची बीजे मार्व्हलच्या १९९२च्या एका कथामालिकेत आहेत. या खेळात पाळीपाळीने चाल करायची असते. तीन नायक निवडले की त्यांच्या कृतींची पत्ते म्हणून एकच गड्डी होते आणि हाती आलेल्या पत्त्यांतूनच चाल खेळावी लागते. त्यामुळे अमुक नायक अधिक बलवान हा प्रश्न मागे पडतो. या क्षणी कोणाचा पत्ता हातात आहे आणि तो कोणासाठी वाट मोकळी करतो, हा प्रश्न पुढे येतो. लढती संपल्यावर सगळे एका जुन्या मठात एकत्र राहतात, तिथे व्हॅम्पायरांचा शिकारी ब्लेड वाचनमंडळ सुरू करतो, कोणी कोणासोबत मासे पकडायला जातो, आणि या सहवासातून वाढलेली मैत्री लढतीतल्या क्षमतांमध्ये उतरते. या भागावर पुष्कळांनी टीका केली की तो लांबतो. मला मात्र तो क्लेअरमॉन्टच्या एक्स-मेनमधल्या त्या शांत अंकांच्या फार जवळचा वाटतो, ज्यांत कोणी खलनायक नसतो आणि वाड्याच्या अंगणात नुसता बेसबॉल चालू असतो.

दीर्घदृष्टी, आपली हरकत मी मान्य करते, एका पुरवणीसह. गार्डियन्समध्ये एकच पात्र असणे चालते, कारण तो संघ एका नेत्याच्या भांडकुदळ कुटुंबासारखा लिहिला गेला आहे. एक्स-मेनचे नेतेपद हातोहात फिरते, त्यामुळे तिथे एकाच खांद्यावरून जग दाखवणारा खेळ अपुरा पडेल असे मला वाटते.

आर्केडप्रेमी (प्रतिसाद)

मार्व्हल रायव्हल्सचा उल्लेख अजून झालेला नाही, म्हणून करतो. नेटईझचा हा सहा विरुद्ध सहाचा ऑनलाइन खेळ डिसेंबर २०२४मध्ये आला. त्यात ठरावीक पात्रे एकाच बाजूला असली की त्यांना जोडीची खास शक्ती मिळते. सुरुवातीच्या आवृत्तीत हल्क वूल्व्हरिनला उचलून शत्रूंवर फेकू शकत असे. कॉमिक वाचणाऱ्यांना हे लगेच ओळखू येईल, कारण एक्स-मेनच्या १९७६च्या १००व्या अंकापासून कोलोसस वूल्व्हरिनला असाच फेकत आला आहे. फेकणारा बदलला म्हणून काही जुने वाचक नाराज झाले, परंतु ज्यांनी कधी ते अंक पाहिलेही नाहीत अशा मुलांना दोन अनोळखी खेळाडूंच्या मेळाने ती उडी जमते, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. अशा जोड्या हंगामागणिक बदलतात. काही काढल्या जातात आणि काही नव्या येतात. त्याने समतोल साधत असेल, पण नुकतीच जुळलेली मैत्री कोणीतरी आदेश काढून मोडावी तसे ते वाटते.

निळीचौकट (प्रतिसाद)

एक व्यावहारिक अडचण इथेच नोंदवतो. या धाग्यात नावाजलेले अनेक खेळ आज विकत घ्यायला मिळत नाहीत. क्लेअरमॉन्टचे अंक संग्रहरूपाने पुन्हा पुन्हा छापले जातात, परंतु खेळांचे हक्क प्रकाशकाकडे ठरावीक मुदतीपुरते असतात आणि ती संपली की खेळ दुकानातून उतरतो. कोनामीचा आर्केड खेळ २०१०मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर पुन्हा आला, नंतर तिथूनही गेला. मार्व्हलच्या नायकांच्या अल्टिमेट अलायन्स या खेळाचे पहिले दोन भाग २०१६मध्ये नव्याने विक्रीस आले आणि २०१८मध्ये काढले गेले. नवख्या वाचकाला आपण हे सगळे खेळा म्हणून सांगतो, तेव्हा त्याने ते कुठून आणावेत?

रंगीतपाने (धागाकर्ती)

या प्रश्नाला समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्याची मला खंत आहे. कॉमिकच्या संघाचा साठ वर्षांचा इतिहास ग्रंथालयात सापडतो आणि त्याच संघाच्या खेळांचा इतिहास मात्र करारांच्या मुदतीवर अवलंबून राहतो. लेजंड्सचे दोन्ही भाग जुन्या तबकड्यांवर मिळतात, परंतु त्यासाठी प्लेस्टेशन २, गेमक्यूब किंवा पहिले एक्सबॉक्स असे चालू स्थितीतले यंत्र हवे. नवख्या वाचकाने सध्या सहज मिळणाऱ्या गार्डियन्स आणि मिडनाइट सन्सपासून सुरुवात करावी आणि सोबत १९७५ ते १९८०च्या दरम्यानचे एक्स-मेनचे अंक वाचावेत, असे मी सुचवेन. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या किंवा कार्ट्रिज अजून आहेत त्यांनी कोणता खेळ, कोणत्या यंत्रासाठी आणि चालतो की नाही, एवढी नोंद खाली प्रतिसादात करावी. म्हणजे एकाच शहरातल्या सभासदांना एकत्र बसून ते खेळणे तरी शक्य होईल.